आमिष कायद्याचे, आमिष कायद्याला

‘चोरी कबूल कर, पोलिसात देत नाही,’ असे साहेब म्हणाले आणि कारकुनाने लिहून दिले, तर तो कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध चालेल का? पोलिसांपुढे दिलेली कबुली मुळातच पुराव्यात येत नाही. त्यामुळे प्रलोभनाचा खरा वाद अशा साहेब लोकांभोवतीच रंगतो. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 24ने प्रलोभनाला धमकीच्या पंक्तीला बसवले. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 22नेही ते तिथेच ठेवले. योग्यच केले. माराचे वळ डॉक्टरला दिसतात, आशेचे दिसत नाहीत.

मात्र प्रत्येक लालूच इथे बसत नाही. ती दाखवणारा अधिकारपदावरचा हवा, तिचा संबंध आरोपाशी हवा आणि हाती लागणारा लाभ ऐहिक हवा. ‘खरे बोल, देव क्षमा करील,’ हे प्रलोभन नव्हे. परलोकातली सवलत कायदा मोजत नाही! आणखी बारकावा असा, की सांगणाऱ्याचा हेतू दुय्यम ठरतो. ऐकणाऱ्याला सुटकेची आशा वाटायला सबळ कारण होते का, हे न्यायालय पाहते. 1962च्या प्यारेलाल भार्गव खटल्यात, खरे बाहेर आले नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, हे वरिष्ठाचे बोलणे सर्वोच्च न्यायालयाने धमकी मानले नाही. मला हे जरा कठोर वाटते. नोकरी ज्याच्या हाती, त्याचे साधे वाक्यही साधे राहत नाही.

इतका काटेकोर कायदा स्वतः मात्र उघड आमिष दाखवतो. गुन्ह्यातल्या साथीदाराला तो म्हणतो, सगळे खरे सांग, माफी घे: हाच माफीचा साक्षीदार. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे असा साक्षीदार झाला. ज्याची सुटका त्याच्या जबानीवर टांगलेली आहे, त्याच्यावर किती भिस्त ठेवायची? न्यायाधीश आत्मा चरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल देताना, सावरकरांबाबत केवळ बडगेच्या हकिकतीवर विसंबणे धोक्याचे मानले आणि त्यांना निर्दोष सोडले.

ही सावधगिरी न्यायालयांनी पाळली, तरी जुन्या कायद्याच्या कलम 133नुसार साथीदाराच्या एकट्या साक्षीवर झालेली शिक्षाही बेकायदा नव्हती. नव्या कायद्याच्या कलम 138मध्ये आता जोडपुराव्याने पुष्टी मिळालेल्या साक्षीचा उल्लेख आहे. दीडशे वर्षे लागली, पण बदल योग्य झाला.