धावणाऱ्या पावलांना परवानगी कोणाची?

फज्रची नमाज आटोपून मशिदीबाहेर पडावे, तर कुंडलच्या रस्त्यांवर तरुणांची पावले आधीच वाजू लागलेली असतात. कोणी पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची, तर कोणी केवळ प्रकृतीसाठी धावतो. अलीकडे डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटांनी धावण्याची आवड वाढली आहे. पायाखाली माती, वाटेत चढ-उतार, वर झाडांची सावली आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची धास्ती नाही. साहजिकच ही पावले सागरेश्वरच्या डोंगराकडे वळतात.

मागील उन्हाळ्यात आमच्या जमातीतील काही मुलांनी मला विचारले, "मौलाना, जमीन अल्लाहची, जंगलही अल्लाहचे. मग तिथे धावायला आणखी कोणाची परवानगी कशाला?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. मी हसून म्हणालो, "उद्या मीही येतो, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी पुरते उजाडण्यापूर्वीच आम्ही अभयारण्याच्या कुंपणालगतच्या पायवाटेने धावू लागलो. आम्ही आतही गेलो नव्हतो. वळणापलीकडे, जाळीच्या आतल्या बाजूस, चितळांचा एक कळप चरत होता. आमची चाहूल लागताच तो उधळला. एक पाडस मात्र गोंधळून उलट दिशेने धावले, जाळीवर आदळले, पडले, उठले आणि कळप गेला त्याच्या विरुद्ध बाजूस झाडीत दिसेनासे झाले. सारे काही क्षणांत घडले. आम्ही थांबलो. परतताना कोणी बोलले नाही, आणि आदल्या दिवशी हसणाऱ्या मलाही उत्तर सुचले नाही. ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. धावणे ही चैन नव्हे, की दीनशी विसंगत अशी गोष्टही नव्हे. दुर्बल मोमिनापेक्षा सबळ मोमिन अल्लाहला अधिक प्रिय आहे, आणि भलाई दोघांतही आहे, असा हदीसचा आशय आपल्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हज़रत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले. शरीर ही अमानत आहे आणि ते सुदृढ ठेवणे हे अमानतदाराचे कर्तव्य आहे. तेव्हा प्रश्न धावण्याचा नाही. कोठे, केव्हा आणि कोणाच्या दारातून धावावे, हा प्रश्न आहे.

"जंगल अल्लाहचे आहे" हे वाक्य सत्य आहे. पण त्यातून "म्हणून ते माझे आहे" असा अर्थ काढला, की सत्याचाच आधार घेऊन आपण चूक करतो. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगतो (6:38). तिथे प्राण्यांसाठी जो शब्द आला आहे तो 'उम्मत' याच शब्दाचे अनेकवचन आहे. जो शब्द आपण इतक्या अभिमानाने स्वतःसाठी वापरतो, तो अल्लाहने चितळालाही दिला आहे. आणि ज्याला उम्मत म्हटले, त्याला घर असणारच.

सागरेश्वरचे हे घर तर विशेष आहे. उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि अनेकांच्या श्रमांतून झाडे उभी राहिली. सांबर, चितळ, काळवीट यांसारखे प्राणी तिथे आणून सोडण्यात आले. 1985 मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि शेजारच्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला लाभले. क्षेत्र अवघे 10.87 चौरस किलोमीटर, आणि भोवती जाळीचे कुंपण. म्हणजे या प्राण्यांना माणसानेच वस्तीला आणले आणि त्यांच्या संरक्षणासाठी, शेतकऱ्यांच्या पिकांसाठी, दूर निघून जाण्याची वाटही माणसानेच बंद केली. अफाट अरण्यातील प्राणी माणसाला टाळून दूर जाऊ शकतो. इथला कोठे जाणार? ज्याला आपण आसरा दिला, त्याला त्या आसऱ्यातच हुसकावणे हा साधा प्रमाद नव्हे.

"पण आम्ही त्याला इजा केली नाही," असे कोणी म्हणेल. एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली. ती वर फडफडू लागली. प्रेषितांनी (स.) विचारले, हिला पिलांपायी कोणी व्याकूळ केले? आणि पिले परत ठेवण्याची आज्ञा दिली. विचार करा, पक्षिणीला जखम झालेली नव्हती. तिची व्याकुळता हीच तक्रार म्हणून पुरेशी ठरली. आणि भीती ही केवळ मनाची गोष्ट नसते. हरणासारखा प्राणी भयाने अतिशय धावला, तर त्याचे स्नायू निकामी होऊन काही दिवसांनीही तो प्राणास मुकू शकतो. उन्हाळ्यात पाणी आणि चारा दोन्ही तुटपुंजे असताना निष्कारण धाव त्याला किती महाग पडत असेल!

मग परवानगी कोणाची? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी अनुमती घेण्याचा, आणि 'परत जा' म्हटल्यास परतण्याचा आदेश आहे (24:27-28). त्याच सूरहमध्ये घरातल्या लहानांनी आणि सेवकांनीही तीन वेळा अनुमती घेऊनच आत यावे असे सांगितले आहे: फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर (24:58). या आज्ञा माणसांच्या घरांसाठी आहेत; त्या जंगलाला लागू करून मी फतवा देत नाही. पण अदब शिकण्यास कोणती हरकत आहे? पहाटे हरणे चरतात, पाण्यावर येतात. भर दुपारी सावलीत विसावतात. रात्र तर अनेक वन्यजीवांच्या वावराचीच वेळ. ज्या तीन वेळा माणसाच्या एकांताच्या, जवळजवळ त्याच त्यांच्याही. आणि आम्हा धावणाऱ्यांना नेमकी पहिलीच वेळ सर्वांत प्रिय!

प्राण्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायदा बोलतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यास परवानगी लागते. फाटकावरचे तिकीट, ठरलेली वेळ, आखलेला रस्ता यांना आपण अडवणूक समजतो. वास्तविक ते एका मुक्या घराचे दार ठोठावणे आहे. मदीनेच्या हरमची झाडे तोडणे आणि तिथे शिकार करणे प्रेषितांनी (स.) मना केले, तेव्हा राखीव भूमीची कल्पना आपल्याला परकी नाही.

यात न्यायाचाही एक भाग आहे. हज़रत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणाच्या रक्षकाला बजावले होते की, थोडकी जनावरे असणाऱ्या गरिबाला आत येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्यासारख्या संपन्नांच्या कळपांबाबत सावध राहा, कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेती आणि खजुरीच्या बागा आहेत, गरिबाला दुसरे काही नाही. कुंपण पडले की आसपासच्या मेंढपाळाची चराई सुटते. ज्याचे पोट त्या डोंगरावर होते, तो जाळीबाहेर थांबला. मग ज्याला धावण्यासाठी दहा वाटा मोकळ्या आहेत, त्याने आपला हक्क किती ताणावा? साताऱ्यात 2012 पासून होणारी डोंगरावरची अर्धमॅरेथॉन यवतेश्वर घाटाच्या, माणसांच्याच रस्त्यावरून धावते. चढ हवा असेल, तर तोही माणसांच्या वाटेवर सापडतो.

आमची मुले आता पहाटे ताकारी योजनेच्या कालव्याकाठच्या वाटेने धावतात. अभयारण्यात जायचे असेल, तर दिवसा, फाटकातून, तिकीट काढून, चार-पाच जणांनी, मोबाईलचे गाणे बंद ठेवून जातात. तिथे ती धावत नाहीत, चालतात. रहमानचे दास जमिनीवर नम्रतेने चालतात (25:63), हे वर्णन आपण नमाजीत ऐकतो. त्याचा सराव करण्यास याहून चांगली जागा कोणती?

वाचकहो, आपल्या मुलांना धावायला अवश्य पाठवा. पण एक गोष्ट सांगून पाठवा: वाटेत एखादे चितळ मान उंचावून उभे राहिले, कान टवकारून पाहू लागले, तर समजावे की घरधन्याने 'परत जा' म्हटले आहे. तेव्हा मागे वळणे ही हार नव्हे. परतण्यास सांगितल्यावर परतणे हेच तुमच्यासाठी अधिक पवित्र, असे त्या आयतीचेच सांगणे आहे.

त्या पाडसाला त्याचा कळप पुन्हा मिळाला असेल, अशी आशा मी बाळगून आहे. अल्लाह आपल्या पावलांना बळ देवो, आणि कोठे थांबावे याची समजही देवो. आमीन.