तारांखालचे गवत

एक झाड लावले की पुण्य पदरी पडले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. समजूत चांगलीच, पण ती सर्व जागी लागू पडते काय?

माउलींची पालखी दिवे घाट चढली की पुढे जेजुरी, फलटण, माळशिरस असा कमी पावसाचा मुलूख लागतो. तेथे उघडे माळ आहेत, आणि विजेच्या मोठ्या तारा अशा कित्येक माळांवरून गेल्या आहेत. तारांखाली उंच झाड ठेवता येत नाही. २२० किलोव्होल्टच्या तारांसाठी ३५ मीटर, ४०० किलोव्होल्टच्या तारांसाठी ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात कोसा-कोसाला कित्येक एकर. तेथे कुणी हौसेने वड-पिंपळ लावले, तर वाढताच त्यांच्यावर कुऱ्हाड येणार हे ठरलेले.

पण आम्ही म्हणतो, तारा नसत्या तरी त्या माळावर झाडांची दाटी करणे बरे नव्हे. सरकारी दप्तरात माळाला पडीक म्हणतात. अहो, पडीक कसला? पवन्या, मारवेल, कुसळी ही तिथली मूळची गवते. त्यांच्या आधाराने चंडोल अंडी घालतो, ससा लपतो, खोकड बीळ करते. तिथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या की या जीवांचे घर मोडते. भुकेल्याला शालजोडी पांघरली तर ते दान कुणाच्या समाधानासाठी झाले? गवताला नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून तर ते कुणी लावीत नसेल ना!

काम अवघड नाही. वेडी बाभूळ मुळासकट काढावी. कार्तिकीच्या सुमारास जवळच्याच चांगल्या माळावरचे पिकलेले बी हातांनी ओरबाडून ठेवावे आणि पावसाच्या तोंडाला फेकावे. जमीन नांगरू नये. जमीनमालकाला आणि वीज कंपनीला आधी विचारावे, हे सांगणे नलगे.

एक अपवाद मात्र मोठा आहे. माळढोक हा जड पक्षी. त्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही, आणि आपटून तो मरतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. ज्या भागात तो अजून असेल, तेथे तारांखाली गवत राखणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून दारात फास मांडणे. तिथे आधी तारांची व्यवस्था लावावी, मग गवताची.

आता खरा प्रश्न मेंढपाळांचा. पुष्कळ धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याला माघारी येतात. कोवळे गवत जपायचे, नेमकी तेव्हाच त्यांची मेंढरे माळावर असतात. आपण कुंपण घालून पुण्य जोडावे आणि उपास त्यांच्या कोकरांनी काढावा, हा कुठला न्याय? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली. तारांखालचे वाळले गवत उन्हाळ्यापूर्वी कापावेच लागते, कारण वणव्याचा धूर तारांनाही बाधतो. तेव्हा पट्टा एकदम न अडवता तुकड्या-तुकड्याने राखावा, कोणता तुकडा कधी हे मेंढपाळांनाच ठरवू द्यावे, आणि कापलेल्या गवताचा पहिला भारा त्यांच्या वाड्यावर पोचवावा. हे बोलणे बी फेकण्याच्या आधी झाले पाहिजे. मेंढरे हाकलून दिल्यावर नव्हे.