दुःखाची कैफियत आणि धर्म

औंढा नागनाथाच्या मंदिरात नंदी रिवाजाप्रमाणे देवासमोर नसून देवळाच्या पाठीमागे आहे, आणि त्याचे कारण सांगणारी कथा हिंगोली जिल्ह्यात सर्वश्रुत आहे: नामदेव देवापुढे कीर्तनास उभे राहिले असता त्यांना मागे घालवण्यात आले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जात असल्यामुळे भक्ताच्या थोरवीची कथा म्हणून ती येथे अभिमानाने सांगितली जाते. मला मात्र तीत देवाच्या कर्तव्याचा निवाडा दिसतो. ज्याला मागे लोटले तो जिथे उभा असेल तिकडे तोंड करून त्याचे ऐकणे दैवतालाही टाळता आले नाही.

ऐकण्याचे हे कर्तव्य समाजालाही चुकत नाही. जन्माने लादलेल्या हीनतेपायी ज्यांच्या आरोग्याची पिढ्यान्‌पिढ्या आबाळ झाली, त्या समाजांनी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगावी आणि त्यासाठी त्यांना लहान लहान अनुदाने द्यावीत, असा विचार आज अमेरिकेत वर्णभेदाच्या संदर्भात मांडला जातो. तेथे बाळंतपणाशी निगडित कारणांनी मरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. ज्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला, त्यांच्या महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे या कथनाचा उगम बाळंतिणीच्या खाटेपाशीच सापडतो. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात असा रोकडा युक्तिवाद केला की विटाळ देहाबरोबरच जन्मतो, तेव्हा देहधारी असून सोवळा म्हणवणारा कोण? त्यांच्या बाळंतपणाला कोणी नसता विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचे रूप घेऊन आला आणि त्याने सुईणीचे काम केले, असे परंपरा सांगते. पुढे काही शतकांनी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, त्यात थंडीपावसात छपरावाचून बाळंत होणाऱ्या बायांचे हाल आहेत, बाळंतरोग जडल्यास वैद्याला पैसा कोठून आणावा ही विवंचना आहे, आणि ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्नही आहे. आजार आणि धर्म हे दोन विषय एकाच निबंधात योगायोगाने आले, असे मानणे मला शक्य नाही. ज्या धर्मव्यवस्थेत बाळंतिणीला छप्पर मिळत नाही, तिच्याविषयी त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाहून गंभीर तत्त्वचिंतन मी त्या काळच्या शास्त्रीपंडितांकडून वाचलेले नाही.

आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: दुःखाच्या कथनाला पैसा लावला की त्याचा बाजार होतो. जिथे कीर्तन करावे तिथल्या अन्नालाही शिवू नये, इतका कडक दंडक तुकोबांनी घातला होता. परंतु हरिकथेचे मोल घेणे वेगळे आणि सांगणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करणे वेगळे. शिवाय आपल्या राज्यकर्त्यांनी वाणीला द्रव्य कधी दिलेच नाही, असे नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तिचा काही हिस्सा मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवावा म्हणून १८४९ साली पुण्यात सुधारकांनी अर्ज केला, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. द्रव्य होतेच, कोणाच्या वाणीसाठी, एवढाच वाद होता.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि दुखण्यापायी एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले; प्रथम त्या स्त्रिया बोलल्या, मग आकडा सरकारदप्तरी चढला. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीकडच्या आंध आदिवासी बाईला, तांड्यावरच्या बंजारा आजीला किंवा मातंग वस्तीतल्या सुनेला आपल्या दुखण्याची कैफियत निवांतपणे सांगायची, तर त्या दिवसाचा रोज, एस.टी.चे भाडे आणि लेकराजवळ बसणारे माणूस, एवढी सोय तरी हवी. एवढ्यासाठी लागणारी रक्कम लहानच असते. ती उपकार म्हणून देणे मला अधर्म वाटते, कारण हे ऋण आहे आणि ते थकलेले आहे. आणि सांगितलेली कहाणी सांगणारीचीच राहिली पाहिजे: ती कोठे वाचली जावी, तीत नाव यावे की नाही, हे ठरवण्याचा अखत्यार तिचा, देणगीदाराचा नव्हे, लेखनिकाचा तर मुळीच नव्हे.

हिंगोली जिल्ह्यातील देवस्थानांनी आपल्या उत्पन्नातील थोडा हिस्सा या कामी दरसाल मंजूर करावा, आणि पहिल्या वर्षी तो ऊसतोडीहून परतणाऱ्या बायांसाठी राखून ठेवावा, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.