पेटी दिली कशाला?

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरपटताना दिसली, की मला जपानी लोककथेतला उराशिमा तारो आठवतो. या कोळ्यानं कासवाला वाचवलं आणि समुद्रातल्या राजवाड्यात पाहुणचार मिळवला. परतला, तर गावात ३०० वर्षं उलटलेली! तिथल्या राजकन्येनं 'उघडू नकोस' म्हणून दिलेली पेटी त्यानं उघडली आणि क्षणात म्हातारा झाला. आपल्या पुराणांतली रेवतीही वडिलांबरोबर ब्रह्मलोकातून परतली तेव्हा युगं लोटली होती; पण तिला निदान बलराम तरी मिळाला. उराशिमाला काय मिळालं? उघडायचीच नव्हती, तर पेटी दिली कशाला? भेट म्हणून, की शिक्षा? कथा सांगत नाही. मला वाटतं, पेटीत बंद असलेलं त्याचं वय राजकन्येला स्वतःकडे ठेवून घ्यायचं नव्हतं, इतकंच.