न दिलेले वाचणे : केंद्रीय मेल सर्व्हरमागील नीतिप्रश्न

दोनशे-तीनशे कर्मचाऱ्यांची कंपनी विखुरलेली ईमेल खाती बंद करून सर्व टपाल एका केंद्रीय सर्व्हरवर आणायचे ठरवते, तेव्हा चर्चा साठवणक्षमता, बॅकअप आणि खर्च यांभोवती फिरते. परंतु त्याच निर्णयाने सर्वांचा पत्रव्यवहार वाचण्याचे सामर्थ्य एका-दोन सर्व्हर-व्यवस्थापकांच्या हाती जाते आणि सामर्थ्याबरोबर अधिकारही येतो काय, हा प्रश्न आराखड्यात क्वचितच नोंदवला जातो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पोस्टफिक्स या टपाल वाहून नेणाऱ्या प्रणालीत ‘ऑलवेज बीसीसी’ ही एक ओळ भरली, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत ठरलेल्या पेटीत पडू लागते आणि लिहिणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

या प्रश्नाला जैन नीतिविचारात एक उत्तर मिळते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीचे लक्षण ‘अदत्तादान’, म्हणजे न दिलेले घेणे, असे सांगितले आहे. मालकाचे काही उणे झाले की नाही, हा विचार या लक्षणात येतच नाही आणि वाचल्यानंतरही जागेवरच राहणाऱ्या पत्राला ते म्हणूनच लागू पडते. खाते आणि सर्व्हर आपलेच आहेत, असे कंपनी म्हणेल आणि धोरणावर सही केलेल्या कर्मचाऱ्यापुरते ते काही अंशी खरेही आहे. पण बाहेरून लिहिणारा पुरवठादार, नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार किंवा कर्मचाऱ्याचे आईवडील यांनी कशावरही सही केलेली नसते. त्यांनी पत्र एका व्यक्तीला दिलेले असते, यंत्रणेकडे ते केवळ पोहोचवण्यासाठी सोपवलेले असते.

यावर असा आक्षेप येईल, की स्पॅम गाळणारी प्रणाली प्रत्येक पत्राचा मजकूर तपासतेच, मग तीही चोर ठरावी. जैन आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत अशाच शंकेचा विचार केला आहे : गावात भिक्षेसाठी फिरणारा मुनी कोणी न दिलेल्या रस्त्यावरून जातो, तरी तो चोर नव्हे, कारण रस्ता सर्वांसाठी खुला असतो आणि त्याच्या वागण्यात प्रमत्तयोग, म्हणजे विकारवश बेसावधपणा, नसतो. गाळणीला कुतूहल नसते. मात्र तिने अडवलेली पत्रे माणूस उघडून चाळू लागला, की हा बचाव संपतो.

ईमेल वाहून नेण्याचा जो नियमसंच १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिला, त्यात पाकीट आणि मजकूर वेगळे ठेवलेले आहेत. कोणी, कोणाला, केव्हा पाठवले आणि पत्र कुठे अडकले, हे सर्व्हरच्या नोंदवहीवरून कळते, त्यामुळे व्यवस्थापकाचे रोजचे बहुतेक काम मजकुराला हात न लावता होते. पेटी उघडण्यासाठी दोघांची लेखी परवानगी आणि व्यवस्थापकाला पुसता न येणारी नोंद, ही तरतूद आराखड्यातच हवी. तरी मध्यम कंपनीत नोंदींचा सर्व्हरही बहुधा तोच माणूस सांभाळतो, तेव्हा तांत्रिक बंधन काही अंतरापर्यंतच पुरते आणि उरलेले काम न दिलेले न घेण्याच्या व्रतावरच सोडावे लागते.

खरी कसोटी नोकरी सोडून गेलेल्याच्या पेटीपाशी लागते, कारण तीत ग्राहकांच्या अर्धवट ऑर्डरी आणि घरची पत्रे एकत्र पडलेली असतात. नवी पत्रे पाठवणाऱ्याला कळवून त्याचे काम पुढे सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे वळवावीत, जुन्या पेटीत दोघांसमक्ष केवळ ग्राहकाच्या पत्त्यावरून शोध घ्यावा आणि बाकीचे ठरल्या मुदतीनंतर न वाचताच पुसावे.