ऊब आणि हिशेब

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. विनाकारण जळणारा दिवा विझवावा, पातेल्यावर झाकण ठेवावे, तापवलेले पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या आजी-आजोबांनी कोणत्याही शासकीय प्रचाराविना दिली. आज तीच शिकवण 'ऊर्जाबचत' या नावाने राष्ट्राचे धोरण झाली आहे. सरपण, कोळसा, वीज, गॅस जपून वापरावेत आणि गावोगावच्या प्रयत्नांचा एकमेकांशी मेळ घालावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि या सर्वमान्य विचाराच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यापाशी उधळण्याजोगे कधी काही नव्हतेच, त्याला बचत करण्यास सांगण्याचा अधिकार कोणाला? आणि दूरच्या, थंडीने काकडणाऱ्या वस्त्यांमधील चुलींचा मेळ घालायचाच, तर तो कोणाच्या दृष्टीने घालावा?

महाराष्ट्रात थंडी ती कसली, असे कोणी म्हणेल. नाशिककर मात्र म्हणणार नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच अंशांखाली उतरल्याचे वृत्त आपण अनेक हिवाळ्यांत वाचले आहे. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवू पाहतो. त्याच रात्री पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या घड्यांत वसलेल्या पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील पाड्यांवरही थंडी पडलेली असते. तेथे अजूनही कित्येक घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचा लेप दिलेल्या असतात. वारा आत यायला त्यांतून वाट मिळते. अशा घरातील चूल केवळ भाकरी भाजत नाही. ती माणसांना ऊब देते, अंघोळीचे पाणी तापवते, थोडा उजेड देते, पावसाळ्यात ओले कपडे आणि माळ्यावरचे बियाणे सुकवते. एका जाळात इतकी कामे होतात.

शास्त्राच्या मोजमापात मात्र ही साधी चूल उधळी ठरते. लाकडातील उष्णतेचा अल्प अंशच भांड्याला मिळतो आणि उरलेली 'वाया' जाते. पण ती जाते कोठे? हिवाळ्यात ती चुलीभोवती बसलेल्या लेकरांच्या अंगाला लागते. हिशेबाच्या वहीत जी नासाडी, तीच त्या घरातील गोधडी होय. याचा अर्थ जुनी चूल निर्दोष आहे असा नव्हे. तिचा धूर प्राणघातक आहे. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या स्त्रीची मान आणि जंगलातील उभे झाड, दोन्ही त्या चुलीची किंमत मोजत असतात. म्हणून सुधारणा हवीच. प्रश्न आहे तो ती कशी घडावी हा.

या बाबतीत आपल्या देशाने मोठा प्रयोग केला. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक निर्धूर चुली बसवल्या. आकडा विस्मयकारक आहे. पण धुराडी काजळीने तुंबली, ती साफ करण्यास वा दुरुस्त करण्यास कोणी फिरकले नाही. कोठे चुलीचे तोंड घरातल्या भांड्याला जुळेना. अनेक घरांतील स्त्रिया निमूटपणे जुन्या चुलीकडे वळल्या. कार्यक्रमाने किती चुली बसवल्या ते मोजले. किती पेटत राहिल्या हे पुरेसे मोजले नाही. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने पुढे निराळी वाट धरली. खेड्यातील कारागिरांनाच चुली घडवून विकण्याचे शिक्षण तिने दिले. चूल करणारा गावातच असेल, तर तक्रार ऐकायला तोच असतो, हे त्यातील शहाणपण.

नंतर गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. हे उपकारक कार्य आहे, यात संशय नाही. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे सुमारे ४३ टक्केच होती. जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो. शिवाय गॅसची शेगडी भाकरी भाजते, रात्रभर अंग शेकत नाही. ज्या घराला ऊब हवी होती, त्याला आपण केवळ ज्वाला दिली.

थंडी जेथे खरोखर जिवावर उठते, तेथे काय घडले हेही पाहू. महाराष्ट्राचे जवान ज्या लडाखात पहारा देतात, तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि खिंडी बर्फाने बंद होतात. श्रीनगरहून लेहला जोडणारी वीजवाहिनी २०१९ साली राष्ट्रार्पण झाली. तोवर तो प्रदेश देशाच्या वीजजाळ्याबाहेरच होता. अशा ठिकाणी लोकांनी उन्हाचा आश्रय घेतला. घराची दक्षिणेकडील जाड भिंत काळी रंगवायची आणि तिच्यापुढे काच बसवायची. दिवसा भिंत ऊन पिते आणि रात्री खोलीला ऊब देते. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती लडाखात रुजली, कारण भिंत तिथल्याच मातीची होती आणि ती बांधणारे गवंडीही तिथलेच. मुख्य म्हणजे तेथे प्रथम विचारले गेले की माणसाला काय हवे. उत्तर होते 'ऊब'. इंधनाची बचत त्या उत्तरामागून आली. आपल्याकडे बचत आधी आली आणि माणूस मागून.

कॅथलिक समाजचिंतनात या प्रश्नाला उपयोगी पडणारे एक जुने तत्त्व आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, जे कार्य लहान समूह स्वतः पार पाडू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. मोठ्याने धाकट्याला साहाय्य करावे, त्याला गिळू नये. कोणती चूल आपल्या भांड्याला, आपल्या लाकडाला आणि आपल्या थंडीला योग्य, हे पाड्यालाच ठाऊक असते. पण पाड्याच्या आवाक्याबाहेरचीही कामे असतात. एलईडी दिव्यांचे उदाहरण घ्या. देशभरची मागणी एकत्र करून खरेदी झाली तेव्हा २०१४ साली ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. हे कोणत्याही ग्रामपंचायतीला साधले नसते. भाव उतरवणे, वस्तूची पारख करणे, दुरुस्तीची हमी देणे, एका खोऱ्यातील अनुभव दुसऱ्या खोऱ्यात पोहोचवणे, हे थोरल्या घराचे काम. निवड करणे हे धाकट्या घराचे. मेळ म्हणावा तो याला. सर्वांना एकाच मापाची चूल देणे म्हणजे केवळ कवायत.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावावर सोपवावे म्हणजे कोणावर? ग्रामसभेत बोलतात बहुधा पुरुष. धूर गिळते ती स्त्री. पैशाची पिशवी एकाच्या हाती आणि फुंकणी दुसरीच्या हाती असेल, तर गावाचा निर्णयही अन्यायाचा होऊ शकतो. आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने तत्त्व मोडत नाही. उलट ते आणखी खोल जाते. निर्णय खाली न्यायचा तर तो सरपंचाच्या ओट्यावर थांबवून चालणार नाही, तो चुलीपुढे बसलेल्या व्यक्तीपर्यंत गेला पाहिजे. आणि तिचा आवाज गावात दाबला जात असेल, तेथे तो ऐकला जाईल असे पाहणे हेही थोरल्या घराचेच कर्तव्य ठरते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. काटकसर निवडीतून जन्मते. ज्याला दोन मोळ्या जाळता येतात आणि जो एकच जाळतो, तो काटकसरी. ज्याच्यापाशी एकच मोळी आहे, तो केवळ गरजू. त्याच्या अभावाला सद्गुणाचे नाव देऊन आपण आपलीच समजूत काढतो. शुभवर्तमानातील मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रभूने तिच्या त्यागाची वाखाणणी केली. पण संत मार्कच्या वृत्तांतात त्याच्या लगेच आधी काय येते हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा तेथे कठोर निषेध आहे. तिचे दान थोर आहे. म्हणून तिच्याकडे दान मागण्याचा हक्क कोणाला प्राप्त होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, त्याचाही रोख हाच आहे.

मग बचत कोणी करावी? आरंभ आपल्यापासून व्हावा. नाशिकच्या वेशीवर एकलहरे येथे कोळसा जळतो. त्याची वीज आपल्या गीझरमध्ये, वातानुकूलित खोल्यांत आणि सणासुदीच्या रोषणाईत खर्च होते. येथे निवड आहे, म्हणून येथे सद्गुणालाही वाव आहे. धर्मग्रामातील कुटुंबांनी आपली विजेची बिले एकदा एकत्र बसून पाहावीत, जे टाळता येईल ते टाळावे, आणि उरलेल्या पैशांतून एखाद्या पाड्यावर काही करायचे झाल्यास आधी तेथे जाऊन बसावे. चुलीचा नमुना सोबत नेऊ नये. 'माई, थंडीत रात्र कशी काढता?' एवढेच विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. हिशेब तेथून सुरू झाला, तर त्यात ऊबही धरली जाईल.