शेणाची पाटी आणि काचेची पेटी

सॉक्रेटिसाच्या ज्या आठवणी त्याचा शिष्य झेनोफन याने लिहून ठेवल्या आहेत, त्यांत एक मोठा गमतीचा संवाद आहे. ॲरिस्टिपस नावाचा चतुर गृहस्थ सॉक्रेटिसाला पेचात पकडण्यासाठी विचारतो, की मग शेणाची पाटीही सुंदर म्हणायची काय? सॉक्रेटिस बेधडक होकार देतो. आपले काम चोख करणारी शेणाची पाटी सुंदर, आणि कामाला न येणारी ढाल सोन्याची असली तरी कुरूप! या गोष्टीला चोवीसशे वर्षे होत आली, पण वाद काही मिटलेला नाही. यंदाच्या पावसाळ्यात तो आमच्या घरात येऊन ठेपला, आणि तोही संगणकाच्या कॅबिनेटच्या रूपाने.

माझी भाची वास्तुकला शिकते. इमारतींची चित्रे काढण्यासाठी तिला दणकट संगणक हवा होता. आतले सगळे भाग ठरले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गाडे अडले ते कॅबिनेटपाशी. एक कॅबिनेट समोरून आणि बाजूने काचेचे, आत रंग बदलणारे दिवे. दुसरे काळे, तोंडावर नुसती जाळी. किंमत जवळजवळ सारखीच. "मामा, जाळीतून हवा खेळते हे मला कळतं. पण ते उंदराच्या पिंजऱ्यासारखं दिसतं ना!" ती म्हणाली. तिचे वडील इंजिनिअर. त्यांचा निकाल एका वाक्याचा: "डब्याला रूप कशाला हवं?"

आता या डब्याचे काम ते काय? समोरच्या पंख्यांनी गार हवा आत ओढायची, मागच्या आणि वरच्या पंख्यांनी तापलेली बाहेर टाकायची, आणि वाटेत धूळ गाळायची. पंख्यासमोर काच आली की हवेला कडेच्या फटींतून अंग चोरून शिरावे लागते. मग आतला प्रोसेसर तापतो. तो जळत नाही, बंदही पडत नाही. शंभर अंशांच्या आसपास पोचला की तो आपली गती आपणच कमी करतो आणि मुकाट्याने काम करीत राहतो. बाहेर दिव्यांची दिवाळी चाललेली असते.

मला या ठिकाणी आमच्या आजोळच्या वाड्याची आठवण होते. त्याचा दिवाणखाना पाहायला लोक येत. कोरीव खांब, महिरपी, छताला हंड्या. स्वयंपाकघर मात्र सगळ्यांत मागे, एका हातभर झरोक्याचे. चुलीच्या धुराने भिंती काळ्या झालेल्या आणि आजीचे डोळे कायमचे लाल. आजीने त्याबद्दल चकार शब्द काढल्याचे कुणाला आठवत नाही. म्हणून देखण्या वस्तूपुढे उभा राहिलो की ती सुंदर आहे की नाही याच्याआधी मला दुसरा प्रश्न सुचतो: या देखणेपणाची किंमत आत कोण मोजतो आहे? प्रोसेसरला डोळे नाहीत, हे खरे. पण संगणक अडखळत चालला म्हणजे रात्र रात्र जागणार ती भाचीच.

फार मोठ्या लोकांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आहे. अ‍ॅपल कंपनीने २०१३ साली आपला मॅक प्रो हा संगणक काढला. काळा, चकचकीत, जेमतेम वीतभर उंचीचा नळकांड्यासारखा. मध्ये उष्णता शोषणारा तीन बाजूंचा गाभा आणि माथ्यावर एकच पंखा. कल्पना अतिशय बुद्धिमान होती! परंतु तिच्यात एक गृहीत धरलेले होते, की चित्रांचे काम दोन मध्यम कार्डे वाटून घेतील. जग गेले एकाच मोठ्या, तापट कार्डाच्या मागे, आणि ते त्या नळकांड्यात मावेना. उष्णतेच्या बाबतीत आपणच आपल्याला कोपऱ्यात कोंडून घेतले, अशी कबुली कंपनीने २०१७ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांजवळ दिली. २०१९ चा मॅक प्रो आला तो पुन्हा मोठ्या पेटीत. तिच्या दर्शनी पत्र्याला आतून आणि बाहेरून गोल खळगे कोरून जाळी केलेली; लोक तिला किसणी म्हणाले. मला ती किसणी त्या नळकांड्याहून देखणी वाटते, कारण तिचे सगळे रूप वारा घेण्यातून आले आहे. (तिला चाके हवी असतील तर ४०० डॉलर निराळे पडत, हे मात्र कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसते ते सॉक्रेटिसालाच विचारायला हवे.)

एवढ्यावरून भाचीचे वडील जिंकले, असे कुणी समजू नये. त्यांची उपयोगाची व्याख्याच मला फार कोती वाटते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून तारीफ केली आहे. त्यात पाणी किती मावते एवढेच ते पाहत नाहीत. तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो, वाजतो कसा, मोडीत घातला तर धातूचे काय येते, हे सारे त्यांनी उपयोगातच मोजले. मग डोळ्यांनी काय पाप केले आहे? मुंबईच्या दोन खोल्यांत ते कॅबिनेट देव्हाऱ्यापासून चार हातांवर असणार. मदरबोर्डाच्या स्क्रूंच्या जागा १९९५ च्या एटीएक्स मापापासून जवळपास त्याच राहिल्या आहेत. त्यामुळे आतले यंत्र दोनदा बदलले तरी डबा तोच राहू शकतो. दहा वर्षे जी वस्तू माझी बहीण रोज फडक्याने पुसणार, ती तिला डोळ्यांसमोर नकोशी वाटू नये, हेही त्या वस्तूचे कामच आहे.

आणि काच लावली म्हणजे सगळे उघडे, प्रामाणिक झाले, असे तरी कुठे आहे? काचेमागे जे नीटनेटके दिसते, त्याच्यासाठी एसएमपीएसवर एक झाकण घातलेले असते, आणि वायरींचा सारा गुंता मदरबोर्डाच्या मागे कोंबलेला असतो. तिथे काच नसते, साधा पत्रा असतो. आमच्याकडे पैठणी घेताना जाणत्या बायका आधी पदर उलटा करून बघतात. हातमागाची असेल तर मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ असते, धागे लोंबत नाहीत. भाचीला मी एवढेच सांगितले, की दोन्ही कॅबिनेटांचा मागचा पत्रा काढायला सांग. दुकानदाराने जरा कुरकुर केली, मग स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला.